गोव्याचा लढा आधी कशासाठी होता?

मांडवीकाठ | १८ जून, सकाळी ९:१२

आज गोव्याचा क्रांतिदिन. सकाळपासून डॉ. राममनोहर लोहियांचा तोच एक फोटो आणि 'गोवामुक्तीची मशाल पेटवली' छापाचे निरोप फिरताहेत. मशाल वगैरे ठीक आहे. पण १९४६ च्या त्या संध्याकाळी मडगावात नेमकं काय झालं, हे विचारलं तर दहातले नऊ जण थेट १९६१ च्या रणगाड्यांवर उडी मारतात. मधली पंधरा वर्षं गायब.

लोहिया आग्र्याच्या तुरुंगातून नुकतेच सुटले होते. बर्लिनमधले जुने स्नेही डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे असोळण्याला ते विश्रांतीसाठी आले. विश्रांती राहिली बाजूला, लोक भेटायला येऊ लागले आणि गाऱ्हाणी सांगू लागले. गाऱ्हाणी कसली? सभा घ्यायची तर परवानगी. पत्रक छापायचं तर आधी सेन्सॉरकडे. लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागायची! संघटना काढणं हा गुन्हाच. लोहियांचा पहिला आग्रह ठरला तो इथूनच: बोलायचा, छापायचा आणि एकत्र जमायचा हक्क. विलीनीकरण वगैरे पुढची गोष्ट.

१८ जूनला भर पावसात ते घोडागाडीतून मडगावच्या मैदानावर पोचले, कारण टॅक्सीवाले यायला धजावत नव्हते. प्रशासक कॅप्टन मिरांडा पिस्तूल काढून समोर उभा राहिला. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला आणि बोलायला लागले. लगेच अटक झाली, दुसऱ्या दिवशी हद्दीबाहेर रवानगी. सप्टेंबरात परत आले तेव्हा कुळ्याच्या स्टेशनावरच पकडून आग्वादच्या किल्ल्यात टाकलं.

समोर कोण होतं तेही लक्षात घ्या. १९३२ पासून पोर्तुगालचा पंतप्रधान असलेला सालाझार. एकच पक्ष, गुप्त पोलीस आणि सेन्सॉर यांच्या जिवावर चाललेली हुकूमशाही. ती लिस्बनमध्ये पोर्तुगीजांनाही तशीच भरडत होती. गोव्यावर परकी सत्ता होती हे खरंच, पण ती हुकूमशाहीही होती, आणि आपण हे दुसरं विसरून गेलो आहोत. म्हणून हा धागा. कुणाच्या घरात काही ऐकलेलं, जपलेलं असेल तर लिहा.

---

रोखठोक | १८ जून, सकाळी ९:५०

लेख आवडला, पण जरा भाबडा आहे. पंधरा वर्षं सत्याग्रह केला, माणसं मेली, सालाझार हलला का? डिसेंबर ६१ मध्ये सैन्य शिरलं आणि दोन दिवसांत काम फत्ते. हुकूमशहापुढे निदर्शनं करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कटू आहे, पण असंच आहे.

---

पेडण्याचो | १८ जून, सकाळी १०:३५

रोखठोक, तुमका नमस्कार. सैन्याबद्दल नंतर भांडू. आधी तेव्हाचं जगणं कसं होतं ते ऐका.

आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचं: "भिंतीक कान आसात." आम्हाला ते पोरांना गप्प करायचं वाक्य वाटायचं. ते तिच्या तरुणपणातलं होतं, हे पुढे कळलं. सीमेपलीकडून बेळगावचा, मुंबईचा मराठी पेपर कुणी आणला तर तो वाचून झाल्यावर चुलीत जायचा. रद्दीत ठेवायची सोय नव्हती. जत्रेतल्या नाटकाची संहितासुद्धा आधी दाखवून आणावी लागायची. आजोबा राजा हरिश्चंद्राचं काम करायचे. त्यात विश्वामित्र राज्य मागतो तो प्रवेश करताना समोर बसलेल्या पोलिसाकडे बघायचं नाही, असं तालमीतच ठरलेलं असायचं.

आणि अस्नोड्याच्या बाळा मापारींचं नाव इथे यायलाच हवं. आझाद गोमंतक दल या सशस्त्र गटाचा हा कार्यकर्ता १९५५ च्या फेब्रुवारीत पोलीस कोठडीत मारहाणीने गेला. साथीदारांची नावं हवी होती, त्याने दिली नाहीत. गोवामुक्तीतले पहिले हुतात्मे म्हणून त्यांना मानतात. निरोपांतल्या फोटोत ते नसतात.

---

सदाशिवपेठी | १८ जून, सकाळी ११:२०

पुण्याचा आणि या प्रकरणाचा संबंध जवळचा आहे, तेव्हा माझे दोन आणे.

१८ मे १९५५ ला सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. नेते नानासाहेब गोरे, बरोबर सेनापती बापट. बापटांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर! या वयात आपल्याकडे लोक नातवंडांना शाळेत सोडतात, हे गृहस्थ पोर्तुगीजांच्या लाठ्या खायला गेले. गोऱ्यांना बेदम मारलं, मग लष्करी न्यायालयापुढे उभं करून आग्वादला डांबलं. त्यांच्या मागून शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी, बंगालचे खासदार त्रिदिब चौधरी. मधू लिमयांना बारा वर्षांची शिक्षा झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघी, हिंदुसभावाले असे सगळे एका समितीत. आज या चौघांना एका चॅनेलवर बसवून दाखवा!

१९५७ साली हे लोक सुटले. त्याच वर्षी पुणेकरांनी नानासाहेबांना लोकसभेत पाठवलं.

आता रोखठोक यांच्यासाठी. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याकडून पत्रादेवीला, तेरेखोलला, कॅसलरॉककडे अशा निरनिराळ्या वाटांनी हजारो माणसं निःशस्त्र आत शिरली. पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या घातल्या. वीसहून जास्त माणसं मेली. पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागली. मागून पंजाबचा कर्नेलसिंग पुढे झाला आणि छातीवर गोळी घेऊन तिथेच पडला. सागर कुठे, पंजाब कुठे आणि पत्रादेवी कुठे. सहोदराबाई वाचल्या, पुढे खासदार झाल्या.

---

रोखठोक | १८ जून, दुपारी १२:०५

मान्य, आणि नतमस्तक. पण माझा प्रश्न तसाच आहे. निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, जगाने काय केलं? पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. गोळीबारानंतर चार महिन्यांत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस पोर्तुगीज मंत्र्याबरोबर संयुक्त पत्रक काढतात आणि त्यात गोव्याला पोर्तुगालचा 'प्रांत' म्हणतात. वसाहत म्हणायचं नाही, कारण सालाझारने १९५१ मध्येच घटनेत बदल करून वसाहतींचे प्रांत करून टाकले होते. म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी विचारायलाच नको! कागदावर नाव बदललं की अत्याचार हा घरचा मामला होतो. त्या माणसापुढे सत्याग्रह चालणार होता का?

---

शून्यप्रहर | १८ जून, दुपारी १२:१८

नेहरूंनी १९५५ लाच सैन्य पाठवलं असतं तर हे हुतात्मे झालेच नसते. सीमा बंद करून सत्याग्रह्यांनाच अडवलं. बाकी सगळं पाल्हाळ.

---

मांडवीकाठ | १८ जून, दुपारी १२:४०

शून्यप्रहर, नेहरूंवर या संकेतस्थळावर किमान चाळीस धागे असतील, तिथे जाऊन मनसोक्त भांडा. मुद्द्यापुरतं सांगतो: गोळीबारानंतर त्यांनी सामूहिक सत्याग्रह थांबवला, आर्थिक नाकेबंदी केली, आणि त्या नाकेबंदीचा चटका सालाझारआधी गोव्यातल्या गरिबालाच बसला. यावर टीका जरूर व्हावी. पण मग गोव्यात राहून जे लढत होते त्यांचं काय? दिल्लीने काय केलं आणि काय नाही, एवढ्यातच गोष्ट संपवली की गोंयकार त्यात नुसता बघ्या उरतो.

रोखठोक, डलेसचा मुद्दा अगदी बरोबर. पण सत्याग्रहाने सालाझार लगेच पडावा अशी अपेक्षा तरी कुणाची होती? त्याचा सगळा दावा एकाच गोष्टीवर उभा होता: गोव्यातले लोक सुखात आहेत, पोर्तुगीज म्हणवून घेण्यात त्यांना धन्यता वाटते, गडबड करतात ते बाहेरचे. हा दावा खोटा पाडायला तोफ चालत नाही. तिथलाच माणूस उठून 'नाही' म्हणाला तरच तो पडतो.

---

निळाई | १८ जून, दुपारी १:३०

मांडवीकाठ, 'नाही' म्हणण्यावरून डॉ. पुंडलिक गायतोंडे आठवले. मला हा प्रसंग सगळ्या लढ्यात जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात मोर्चा नाही, झेंडा नाही.

१७ फेब्रुवारी १९५४. पणजीतली बड्या लोकांची मेजवानी. न्यायाधीश, अधिकारी, डॉक्टर. गायतोंडे लिस्बनला शिकलेले शल्यविशारद, बायको एडिला पोर्तुगीज. म्हणजे सरकारच्या हिशेबाने 'आपला माणूस'. भाषणात कुणीतरी म्हणालं की गोवा म्हणजे पोर्तुगालच. गायतोंडे मोठ्याने म्हणाले, "मी निषेध करतो." बस्स. एवढंच बोलले. त्यासाठी त्यांना अटक करून लिस्बनला पाठवलं.

विचार करा, समोर ताट वाढलेलं, शेजारी ओळखीपाळखीची माणसं. अशा वेळी आपण काय करतो? ताटात बघत जेवत राहतो. मी तरी तेच केलं असतं. आणि त्या बाईचा विचार करा. स्वतःच्या देशाच्या सरकारने नवऱ्याला पकडून नेलंय, आणि तीच त्याच्या बाजूने उभी राहते. पुढे तिने यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं.

अटकेची बातमी पसरल्यावर गोव्यात पुन्हा सत्याग्रह सुरू झाले. १९५५ च्या एप्रिलमध्ये म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवाचं अधिवेशन भरवलं, अध्यक्षस्थानी सुधाताई जोशी. त्यांनाही तिथेच अटक आणि तुरुंगवास. बायकांची नावं या यादीत इतकी कमी का येतात, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. काढीन कधीतरी.

---

तेजोनदी | १८ जून, दुपारी ३:०२ (लिस्बन)

वाचनमात्र असते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. नोकरीनिमित्त इथे राहते.

लिस्बनच्या जुन्या कथीड्रलला लागूनच अल्जूब नावाची इमारत आहे. गुप्त पोलीस, म्हणजे 'पिदे', राजकीय कैद्यांना चौकशीच्या काळात तिथे ठेवायची. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. एकांतवासाच्या कोठड्या पुन्हा तशाच उभारून दाखवल्यात. आत एक फळी, तिच्यावर झोपायचं. फळी पाडली की उभं राहायलाही नीट जागा उरत नाही. आपल्याकडची देवघराची खोली याहून ऐसपैस असते. कैद्यांना दिवसेंदिवस झोपू न देणं हा चौकशीचा नेहमीचा प्रकार होता. मारहाणीच्या खुणा राहतात, जागरणाच्या राहत नाहीत. वसाहतींबद्दलही तिथे दालन आहे.

समुद्रकाठचा पेनिशचा किल्ला तर आपल्या लोकांनी भोगलेला. १९४६ मध्ये लोहियांनंतर जे पकडले त्यांपैकी टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना इथवर आणून डांबलं. कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा होती, ते शेवटी निसटून मुंबईला पोचले. याच किल्ल्यातून जानेवारी १९६० मध्ये पोर्तुगीज कम्युनिस्ट नेता आल्वारो कुन्याल साथीदारांसह पळाला. एकाच सरकारने दोन खंडांतली माणसं एका किल्ल्यात आणून ठेवली होती.

पेडण्याचो, काझिमिरो मोंतेरो हे नाव तुमच्याकडे अजून निघतं का?

---

पेडण्याचो | १८ जून, दुपारी ३:२५

निघतं म्हणजे? आजी ते नाव उच्चारताना आवाज खाली आणायची, १९८५ मध्येसुद्धा! गोव्यातच जन्मलेला, पोलिसांतला. कैद्यांना मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं जुनी माणसं सांगायची. त्याचं पुढे काय झालं?

---

तेजोनदी | १८ जून, दुपारी ३:५८ (लिस्बन)

तेच सांगायचं होतं. १९५८ मध्ये जनरल उंबेर्तो देलगादो राष्ट्राध्यक्षपदासाठी सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध उभा राहिला. मतमोजणी अर्थातच सरकारच्या सोयीची झाली. देलगादो देशाबाहेर गेला. फेब्रुवारी १९६५ मध्ये पिदेने त्याला फसवून स्पेनच्या सीमेवर बोलावलं आणि ठार केलं, त्याच्या सेक्रेटरी बाईंनाही सोडलं नाही. देलगादोला मारणारा हात मोंतेरोचा.

गोव्यात निःशस्त्र कैद्यांवर जो माणूस तयार झाला, तो नंतर पोर्तुगीजांच्याच विरोधी नेत्यावर सोडला. इथल्या माझ्या एका सहकाऱ्याला हा माणूस देलगादोचा मारेकरी म्हणून माहीत होता, त्याआधी तो गोव्यात काय करत होता याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे उलटं. गोव्यातला मोंतेरो ऐकलेला, पुढचा नाही.

---

कातळवाट | १८ जून, दुपारी ४:४०

सहमत, आणि थोडं अवांतर. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचा जन्मही सालाझारच्याच कृपेचा! लंडनचे वकील पीटर बेनेन्सन सांगत की लिस्बनमध्ये दोन विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावला म्हणून त्यांना तुरुंगात टाकल्याची बातमी त्यांनी वाचली आणि डोक्यात तिडीक गेली. नंतरच्या अभ्यासकांना ती बातमी तशीच्या तशी सापडलेली नाही. पण २८ मे १९६१ च्या 'ऑब्झर्व्हर'मधला त्यांचा लेख खरा, आणि त्यात ज्या कैद्यांची कहाणी होती त्यांत पोर्तुगालच्या तुरुंगातला अंगोलाचा कवी-डॉक्टर आगोस्तिन्यो नेतोही होता. डिसेंबरात इकडे गोवा मुक्त झाला. एकच वर्ष.

दुसरं अवांतर रेडिओचं. नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या जंगलातून, आधी आंबोलीकडून आणि मग कॅसलरॉककडून, गुप्त रेडिओ चालवला. सहा वर्षं जंगलात! छापायला बंदी तर छापू नका, हवेतून सांगा. पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली तेव्हा याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी सांगितली. लिबियाताईंना शंभरी गाठल्यावर, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारी घड्याळ.

---

रोखठोक | १८ जून, संध्या. ६:१०

माहिती भरपूर मिळाली, आभार. तरी मुद्दा सोडत नाही. हे सगळं मांडून शेवटी शरणागती कुणापुढे झाली? सैन्यापुढे. गव्हर्नर वासालो ई सिल्वाने शेवटच्या माणसापर्यंत लढायचा सालाझारचा हुकूम पाळला नाही म्हणून गोवा वाचला. निदर्शनांचं मोल आहे, पण मोल आणि परिणाम एक नव्हेत.

---

सदाशिवपेठी | १८ जून, संध्या. ७:२५

सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देश भारताला झोडत होते तेव्हा सोव्हिएत नकाराधिकाराने वाचवलं, हेही तुमच्याच बाजूला मांडा. पण त्या वादात भारताकडे सांगायला काय होतं? नकाशा होता, आणि पंधरा वर्षांचे खटले, हद्दपाऱ्या आणि पत्रादेवीची प्रेतं होती. नुसत्या नकाशावर कुणी विश्वास ठेवला नसता. ठेवला नाहीच, पण तोंडं तरी जरा आवरती घ्यावी लागली.

आणि सैन्याने प्रश्न संपला म्हणता, तर मोहन रानड्यांचं काय? मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. गोव्यात मास्तर म्हणून राहिले, आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले. हे सत्याग्रही नव्हेत, सशस्त्र होते, ते सोडा. शिक्षा सव्वीस वर्षांची, तुरुंग लिस्बनजवळचा काशियस, बराच काळ एकांतवास. १९६१ ला गोवा सुटला, रानडे नाही सुटले! आणखी सात वर्षं आत. इकडे सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी समिती करून दारोदार फिरत होते. होय, गीतरामायणवाले बाबूजीच. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराईंनी पोपना भेटून शब्द टाकला. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. गोव्याचेच दुसरे कैदी तेलो मास्कारेन्यस तर त्यानंतर, १९७० मध्ये.

तेव्हा सैन्य नव्हतं कामाला आलं. पत्रं, समित्या, अर्ज, भेटी. हेच तुमचं पालथ्या घड्यावरचं पाणी.

---

रोखठोक | १८ जून, संध्या. ७:५०

हा मुद्दा दिला तुम्हाला. बाकीचे नाही.

---

निळाई | १८ जून, रात्री ८:३५

एक कुणी लिहिलं नाही म्हणून. ज्या मधू लिमयांना सालाझारच्या न्यायालयाने बारा वर्षं दिली, त्यांनाच जुलै १९७५ मध्ये, आणीबाणीत, आपल्या सरकारने मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत टाकलं. ना खटला, ना शिक्षा. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. आधीचा तुरुंग परक्यांचा होता, एवढाच फरक त्यांच्यापुरता. गंमत म्हणजे पोर्तुगालात वर्षभर आधी, २५ एप्रिल १९७४ ला, सालाझारशाही कोसळली होती. १९७४ संपता संपता पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्यही केलं. तिकडे कैदी सुटत होते आणि इकडे भरत होते.

---

शून्यप्रहर | १८ जून, रात्री ८:४४

आता आलात मुद्द्यावर. आणीबाणीवर वेगळा धागा काढा, मी आहेच.

---

पेडण्याचो | १८ जून, रात्री ९:१५

तेजोनदी ताई, एक विचारायचं होतं. आमच्या आजोबांच्या धाकट्या भावाला १९५५ च्या सुमाराला उचलला होता. आग्वादला होता एवढं नक्की, मग काही महिने कुठे होता ते घरात कुणालाच माहीत नाही. सुटून आल्यावर तो त्याबद्दल कधीच बोलला नाही. फक्त उजव्या हाताची बोटं नीट मिटायची नाहीत, जेवताना भात डाव्या हाताने सारखा करून घ्यायचा. तळहातावर लाकडी फळीने मारत, असं दुसऱ्यांकडून कळलं. त्याचे कागद कुठे मिळतील का?

---

तेजोनदी | १८ जून, रात्री ९:४० (लिस्बन)

पिदेचं दप्तर इथे तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि अभ्यासकांना पाहता येतं. त्यांचं प्रकरण लिस्बनपर्यंत आलं असेल तर काहीतरी असायची शक्यता आहे. तिथल्या तिथे मिटवलं असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात आधी बघा. नाव, वडिलांचं नाव आणि गाव व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) कळवा, इथे उघड लिहू नका. त्या काळच्या पोर्तुगीज कागदात तुमचं आडनाव कसं लिहायचे ते कुठल्या दाखल्यावर असेल तर तेही पाठवा. एकाच आडनावाची चार रूपं सापडतात आणि एक चुकलं की दिवस वाया जातो.

---

पेडण्याचो | १८ जून, रात्री १०:०२

देव बरें करूं. काकांकडे पोर्तुगीज काळातला जन्मदाखला आहे, उद्या फोटो काढून पाठवतो. पणजीला सोमवारी जातो.